फुलवाल्या काकूंचा स्टॉल परत द्या : बर्लिनच्या आमच्या गणेशोत्सव समितीला खुलं पत्र

प्रति,
आमची गणेशोत्सव समिती, बर्लिन
(मंडळाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.)

नमस्कार मंडळी,

परवा रात्री ग्रुपवर मेसेज आला की यंदा आनंदमेळ्यात "फक्त आपल्या लोकांचे" स्टॉल असतील आणि म्हणून फुलवाल्या काकूंचा स्टॉल कॅन्सल. खाली लगेच अंगठ्यांची रांग. मी तिथे काही लिहिलं नाही, कारण ग्रुपवर काही गंभीर लिहिलं की दहा मिनिटांत त्यावर गुड मॉर्निंगचे फोटो आणि कुणाच्या तरी फ्लॅटची जाहिरात येऊन बसते आणि विषय गेला खाली. म्हणून इथे लिहितेय, सगळ्यांना वाचता येईल असं. समितीतल्या कुणाशी माझं वैयक्तिक भांडण नाही, तुमच्यातल्या अर्ध्या लोकांच्या घरी मी जेवलेय. पण हा निर्णय चुकीचा आहे आणि तो ज्या पद्धतीने घेतलात ती त्याहून चुकीची आहे.

जे बाहेरचे वाचतायत त्यांच्यासाठी आधी सांगते. काकू व्हिएतनामी आहेत, हायफाँगच्या, म्हणजे उत्तरेतलं मोठं बंदर. १९८७ ला विशीत असताना पूर्व जर्मनीत आल्या, कापडाच्या कारखान्यात शिवणकामाला. आता पूर्व बर्लिनमधल्या लिखटेनबेर्ग भागात एस-बानच्या, म्हणजे लोकल ट्रेनच्या, स्टेशनबाहेर त्यांचं फुलांचं दुकान आहे, बाजूला दोन फळ्यांवर थोडी भाजी. आपल्या गणपतीचे हार, केळीची पानं, नारळ, विड्याची पानं, सगळं गेली कित्येक वर्षं त्यांच्याकडून येतं. जास्वंदीची एक कुंडी त्या दरवर्षी ऑगस्टपासून वेगळी काढून ठेवतात, विकत नाहीत, कारण त्यांना माहितीये की "हत्तीच्या देवाला" लाल फूल लागतं. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही.

शेवंतीचीच गोष्ट घ्या ना. इथे शेवंती म्हणजे कबरीवर ठेवायचं फूल. मी पहिल्या वर्षी दुसऱ्या एका दुकानात पिवळी शेवंती मागितली तर बाईने चेहरा पाडून विचारलं, घरात कुणी गेलं का. काकूंना असलं काही सांगावं लागलं नाही, कारण त्यांच्याकडेही शेवंती देव्हाऱ्यातच जाते. दुकानात मागच्या बाजूला त्यांच्या पूर्वजांचा छोटा देव्हारा आहे, उदबत्ती, फळं, पाण्याचा पेला, आणि शेवंती. मला तिथे उभं राहिल्यावर जरा बरं वाटलं होतं, का ते सांगता येणार नाही, बर्लिनचा नोव्हेंबर ज्यांनी नवऱ्याच्या व्हिसावर घरात बसून काढलाय त्यांना विचारा.

माझा काय संबंध, तर तोही सांगते. माझी डिलिव्हरी झाली तेव्हा आईचा व्हिसा वेळेत आला नाही. घरी येणारी जर्मन सुईण, म्हणजे हेबामे, चांगली होती बिचारी, पण तिचं एकच, खिडक्या उघडा, मोकळी हवा घ्या, बाळाला घेऊन फिरायला जा. जानेवारीत! इकडे आई व्हिडिओ कॉलवर ओरडतेय, कान बांध, शेक घे, गार पाण्यात हात घालू नकोस. आणि अशात काकू दार वाजवून आत आल्या, माझ्या उघड्या डोक्याकडे बघून त्यांनी पहिली गोष्ट काय केली असेल तर स्वतःचा स्कार्फ काढून माझे कान बांधले. आई पलीकडून बघत होती, म्हणाली, "या बाई कोण आहेत? यांना सांग थांबायला." त्यांच्याकडेही बाळंतिणीला महिनाभर जपतात, कानात कापूस, गरम कपडे, पूर्वी तर पलंगाखाली निखारे ठेवायचे. आपली शेगडी काय वेगळी होती हो?

मग त्यांनी डबा उघडला तर आत कच्च्या पपईचं गरम सूप. आईने पपई ऐकलं आणि फोनमधूनच हात पुढे केला हिसकावायला. तर कळलं की गरोदरपणात कच्ची पपई त्याही खाऊ देत नाहीत, पण बाळंतपणानंतर दुधासाठी हमखास देतात, एरवी डुकराचा पाय घालून, माझ्यासाठी तो वगळून. आईने त्यांना अळिवाच्या लाडवाची रेसिपी सांगितली. मराठीतून. त्या व्हिएतनामीतून हो हो म्हणत होत्या. मी मधे तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये भाषांतर करायचा प्रयत्न केला तर दोघींनी मला झोपायला सांगितलं.

असो. आता मुद्दे.

पहिला मुद्दा, वास. मेसेजमध्ये लिहिलंय की "मागच्या वर्षी काही जणांनी वासाबद्दल तक्रार केली". कसला वास? काकूंचा स्टॉल पूर्ण शाकाहारी होता, मी स्वतः मेन्यू बघितला होता. मूगडाळ घातलेला चिकट भात, टोफूचे तळलेले रोल, नारळाच्या दुधातलं मुगाचं गोड, आणि बान चोय. ज्यांनी खाल्लं नाही त्यांच्यासाठी, तांदळाच्या पिठीची गोळी, आत गुळासारख्या साखरेचा खडा, उकळत्या पाण्यात सोडायची, वर तीळ. उकडीच्या मोदकाची पाण्यात पोहणारी धाकटी बहीणच ती. मच्छीचा सॉस त्या स्टॉलवर नव्हताच. म्हणजे तक्रार पदार्थाच्या वासाची नव्हती, स्टॉलमागे कोण उभं आहे हे बघून आलेली होती. आणि मच्छीच्या सॉसबद्दलही एक सांगते, माशांना मीठ लावून महिनोन्‌महिने मुरवून काढतात तो, त्याला वास असतो, जबरदस्त असतो. पण सुकट-जवळा सुटकेसमध्ये तीन पिशव्यांत गुंडाळून आणणारे मालवणचे लोक आपल्याच समितीत आहेत ना? आणि आपल्या हिंगाच्या फोडणीवरून जिन्यात चिठ्ठी कुणाकुणाच्या दारावर लागलीये तेही आपल्याला माहितीये. त्या चिठ्ठीचा फोटो ग्रुपवर टाकून आपण सगळे केवढे चिडलो होतो!

तसंच शाकाहाराचं. काकू दर चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला शाकाहारी जेवतात, तिकडे बरेच जण जेवतात. आईवडलांचं वर्षश्राद्ध त्या तारखेने करत नाहीत, तिथीने करतात, त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या आवडीचे पदार्थ करून आधी देव्हाऱ्यापुढे ठेवायचे आणि मग सगळ्यांनी बसून जेवायचं. "आपल्या मुलांना आपलं कल्चर कळावं" हे कारण तुम्ही दिलंय म्हणून हे सांगतेय. माझ्या मुलाला तिथी म्हणजे काय हे मी समजावून दमले होते, काकूंच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघून त्याला कळलं, कारण त्यात रोजच्या तारखेखाली चांद्र तारीख छापलेली असते. २०२४ ला तर अनंत चतुर्दशी आणि त्यांचा मुलांचा कंदिलांचा सण, चुंग थू, एकाच दिवशी आले होते, १७ सप्टेंबरला. त्यांची नात तारेच्या आकाराचा कंदील घेऊन आपल्या विसर्जनाला आली होती. फोटो मंडळाच्या पेजवर आहे. तो फोटो चालतो, स्टॉल चालत नाही.

दुसरा मुद्दा, "आपले लोक". मागच्या वर्षी मोमोचा स्टॉल होता. मुलांसाठी पिझ्झा होता. उड्या मारायचा फुगवलेला किल्ला एका जर्मन कंपनीचा होता. ढोल पथकात दोन जर्मन आणि एक पोलिश मुलगी आहे आणि तिचा व्हिडिओ आपण सगळ्यात जास्त शेअर करतो, बघा बघा गोरी मुलगी ढोल वाजवतेय. म्हणजे बाहेरचे आपल्याला चालतात. कुठले बाहेरचे चालतात, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मला आवडत नाहीये.

तिसरा मुद्दा, ते जोक. ग्रुपवर काकूंबद्दल जो शब्द वापरला गेला तो मी इथे लिहिणार नाही. डोळ्यांवरचे जोक झाले, कुत्र्याचा जोक झाला, ॲडमिनने हसण्याची इमोजी टाकली. उत्तर व्हिएतनाममध्ये काही लोक कुत्रं खातात, हो, खातात, सगळे खात नाहीत, काकू खात नाहीत. आपल्या देशात नागालँडमध्येही खातात, आणि त्यावरून ईशान्येकडच्या मुलींना पुण्या-दिल्लीत काय काय ऐकावं लागतं हे माहीत नसलेला कुणी या ग्रुपवर असेल असं मला वाटत नाही.

चौथा मुद्दा सगळ्यात मोठा. एकाने लिहिलं, "ही लोकं फुलं, नेल्स आणि नूडल्स सोडून करतात काय? आपण इथे हाय-स्किल्ड म्हणून आलोय." याचं उत्तर जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

११ एप्रिल १९८० ला पूर्व जर्मनी आणि व्हिएतनाम यांच्यात कामगारांचा करार झाला. इकडे कारखान्यांना माणसं कमी पडत होती, तिकडे युद्धानंतर देशाची दैना होती आणि तरुण हातांना काम नव्हतं. १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली तेव्हा असे जवळपास ६० हजार व्हिएतनामी पूर्व जर्मनीत होते. कुठला कारखाना, कुठलं गाव, हे त्यांनी ठरवायचं नाही. राहायला होस्टेल, माणशी पाच चौरस मीटर, बायका वेगळ्या पुरुष वेगळे, कोण भेटायला आलं त्याची दारावर नोंद. पगारातले १२ टक्के मायदेशाच्या उभारणीसाठी म्हणून परस्पर कापून जायचे. उरलेल्यातून मोपेड, सायकल, शिलाई मशीन, साखर, साबण असं खोक्यात भरून घरी पाठवायचं कारण तिकडे पैशांपेक्षा वस्तूंना किंमत. दिवसभर कारखान्यात शिवून झालं की रात्री होस्टेलवर पुन्हा मशीनवर बसून जर्मनांसाठी जीन्स शिवायच्या, कारण त्यांच्या दुकानांत त्या मिळत नव्हत्या. काकूंची मान आजही एका बाजूला दुखते ती तेव्हापासून.

आणि बाई गरोदर राहिली तर? दोन पर्याय. गर्भपात, नाहीतर परतीचं विमान. हा नियम सैल झाला तो १९८९ मध्ये, म्हणजे तो देशच संपायला आला तेव्हा. काकूंच्या खोलीतली एक मुलगी १९८८ ला अशी परत पाठवली गेली, पोट दिसू नये म्हणून तिने मोठ्या मापाचे शर्ट शिवून घेतले होते आणि ते शिवले होते काकूंनी. हे त्यांनी मला त्या पपईच्या सूपच्या दिवशी सांगितलं, बाळाला मांडीवर घेऊन, अगदी साध्या आवाजात, बस चुकली असं सांगावं तसं.

भिंत पडली, कारखाने बंद पडले, आणि सगळ्यात आधी काढले ते हे लोक. तीन हजार मार्क घ्या, तिकीट घ्या आणि जा. बरेच गेले. जे राहिले त्यांना राहायचा कागद हवा होता आणि १९९३ च्या नियमाप्रमाणे कागद हवा तर स्वतःची कमाई दाखवा. नोकरी कोण देणार होतं तेव्हा? जर्मनांनाच मिळत नव्हती. म्हणून फुलं, म्हणून भाजी, म्हणून इम्बिस, म्हणजे खाण्याची टपरी. वर पाटी "चायना इम्बिस" आणि आत हायफाँगची बाई, कारण तेव्हा इथल्या गिऱ्हाइकाला फो, म्हणजे त्यांचं नूडल्सचं सूप, कशाशी खातात ते माहीत नव्हतं. पूर्व जर्मनीत काढलेली वर्षं राहण्याच्या हक्कासाठी मोजली जायला १९९७ उजाडलं. तर फुलं विकणं ही "लो-स्किल्ड" म्हणून पत्करलेली गोष्ट नाहीये, त्या बाईने त्या टपरीवर उभं राहून स्वतःचा व्हिसा कमावलाय. आपल्याला तो कंपनीच्या एचआरने करून दिला.

आणि त्या काळात रस्त्यावर काय चाललं होतं? ऑगस्ट १९९२, रोस्टॉक शहर, लिखटेनहागेन वस्ती (आपलं लिखटेनबेर्ग नाही, नावं सारखी आहेत). भिंतीवर सूर्यफुलांचं मोठं चित्र असलेली इमारत. २४ तारखेच्या रात्री जमावाने पेट्रोल बॉम्ब टाकून ती पेटवली, आत शंभरावर व्हिएतनामी, त्यात बायकामुलं. पोलीस निघून गेले होते. लोक छपरावरून शेजारच्या बिल्डिंगमध्ये निसटले म्हणून वाचले. खाली हजारो लोक बघत होते आणि टाळ्या वाजवत होते. काकू तेव्हा बर्लिनमध्ये होत्या, त्यांनी ते टीव्हीवर बघितलं, आणि नंतर बरेच महिने अंधार पडल्यावर ट्रामने जायचं बंद केलं.

हे आपल्याला लागू नाही असं वाटत असेल तर ऑगस्ट २००७ मधलं म्युगेल्न शोधून वाचा. सॅक्सनीतलं छोटं गाव, गावची जत्रा, आठ भारतीय, मागे पन्नासेक जणांचा जमाव, एका पिझ्झेरियात शिरून जीव वाचवावा लागला. त्या जमावाने कुणाची डिग्री विचारली नव्हती. २००० साली आयटीवाल्यांसाठी ग्रीन कार्ड काढलं तेव्हाही "किंडर श्टाट इंडर", भारतीय नकोत आपली पोरं वाढवा, ही घोषणा निवडणुकीत वाजलीच होती की. आज आपण हॉल बुक करून ढोल वाजवतो आणि पोलीस ट्रॅफिक अडवून विसर्जनाला वाट करून देतात. या शहराला परक्या माणसांची सवय व्हायला वेळ लागला, आणि तो वेळ कुणीतरी मार खाऊन काढलाय.

पाचवा मुद्दा छोटा आहे पण मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आलाय. स्टॉल कॅन्सल केल्याचं काकूंना समितीतल्या एकानेही जाऊन सांगितलं नाही. मी सांगितलं. आणि त्याच रात्री समितीच्या सामानाच्या यादीत हार, पानं, नारळ यांच्यापुढे त्यांच्याच दुकानाचं नाव, कंसात "डिस्काउंट मागणे". त्यांनी केळीच्या पानांची ऑर्डर आधीच डोंग शुआनमध्ये, म्हणजे इथल्या मोठ्या व्हिएतनामी मार्केटमध्ये, देऊन ठेवलीये, आगाऊ पैसे भरून. मी विचारलं आता काय करणार, तर म्हणाल्या, "पानं तर लागतीलच ना तुम्हाला, देव जेवणार कशावर?"

तर मागण्या.

स्टॉल परत द्या, मागच्या वर्षीच्याच जागेवर, दाराजवळ. कोपऱ्यात टॉयलेटशेजारी नको.

समितीच्या वतीने दोघांनी दुकानात जाऊन माफी मागा आणि जर्मनमध्ये लिहून द्या, त्यांना आणि त्यांच्या मुलीला वाचता येईल असं. मेसेज फॉरवर्ड करू नका.

पानांचे, हारांचे आणि नारळांचे पूर्ण पैसे द्या, बिलाप्रमाणे, यंदा आणि पुढेही. डॉक्टरांना, वकिलांना आपण डिस्काउंट मागत नाही.

ग्रुपवरचे ते मेसेज ॲडमिनने डिलीट करावेत आणि तो शब्द वापरला तर ग्रुपमधून काढू असा नियम लिहून टाकावा. हसण्याची इमोजी टाकलेल्या ॲडमिनने हे काम दुसऱ्या कुणाला द्यावं.

आणि स्टॉल कुणाला द्यायचे हे पुढच्या वर्षीपासून सभेत ठरवा, रात्री अकरा वाजता तीन जणांच्या कॉलवर नको. वर्गणी सगळे देतात.

या रविवारच्या मीटिंगपर्यंत उत्तर द्या. नाही आलं तर मुलांच्या नाटुकल्याची आणि रांगोळीची जबाबदारी यंदा दुसऱ्या कुणीतरी घ्यावी, रंगांचे डबे आणि नाटकाच्या टोप्या माझ्या तळघरात आहेत, किल्ली नवऱ्याकडे मिळेल. मी त्या दिवशी काकूंच्या दुकानाबाहेर टेबल लावून त्यांच्याबरोबर बान चोय विकणार आहे. परवानगी काढायला टाकली आहे.

आणि हो, डोंग शुआनचं मार्केट मंगळवारी बंद असतं. माफी मागायला जाताना काही न्यायचं असेल तर सोमवारीच आणून ठेवा. त्यांना पिकलेला फणस आवडतो.

आपली,
मंडळाची वर्गणीदार आणि रांगोळीवाली,
लिखटेनबेर्ग, बर्लिन